जमिनीचा सौदा थांबव, आधी विभागांची यादी कर

पत्र: मी वसमतजवळच्या एका गावची. परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीच्या बी.टेक.ला आहे, आता सातवं सत्र सुरू होईल. सीजीपीए ७.४. दहावीपर्यंत मराठी शाळा. सिंचन किंवा मृद व जलसंधारण या विषयात परदेशात एम.एस. करायची इच्छा आहे. पुण्यातला एक क्लास म्हणतो, जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा), टोफेल (इंग्रजीची परीक्षा), एसओपी (काय आणि का शिकायचंय ते सांगणारं निवेदन), अर्ज असं सगळ्याचं पॅकेज ९५ हजार, पंधरा दिवसांत पैसे भरा, जागा संपत आल्यात. घरी सहा एकर रान आहे. बाबा म्हणतात, रस्त्याकडचा एकर काढू, पोरीचं भलं होत असेल तर काय हरकत आहे. वर्गातला एक मुलगा सांगतो, जीआरई आता कुणी मागतच नाही. खरं काय? मला इंग्रजी वाचता येतं, पण बोलायला गेलं की शब्द सुचत नाहीत. आणि यंदा जमलं नाही तर एक वर्षाचा गॅप पडेल, त्याचं काय? (एक विद्यार्थिनी, जि. हिंगोली)

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळ्यात आधी बाबांना जाऊन सांग की जमिनीचं बोलणं सध्या थांबवा. बाहेर शिकायला पैसे लागतात हे खरंच आहे, पण ते लागतात प्रवेश मिळाल्यावर. बँकेत शैक्षणिक कर्ज मागायला गेलीस तरी पहिला प्रश्न येतो तो प्रवेशपत्राचा. तुझ्या हातात आज प्रवेशपत्र नाही, विद्यापीठांची नावंही नाहीत, आणि एकराचा सौदा निघालाय तो एका क्लासच्या फीसाठी. गेलेलं रान परत घेता येत नाही, त्यातून रस्त्याकडचं तर नाहीच. परीक्षांची फी आणि अर्जांचा खर्च धरूनही तयारीचा टप्पा जमिनीला हात न लावता पार पडतो. तो कसा, तेच या उत्तरात सांगते.

जीआरई कुणी मागत नाही, हे तुझ्या वर्गमित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे परीक्षा केंद्रं बंद पडली, तेव्हा अमेरिकेतल्या पुष्कळ विभागांनी जीआरईची अट काढली आणि नंतर बऱ्याच ठिकाणी ती परत आली नाही. पण सगळीकडे एकच नियम आहे असं समजू नकोस. तिथे प्रवेशाचा निर्णय मुख्यतः विभाग घेतो, विद्यापीठ नव्हे. एकाच विद्यापीठात संगणकशास्त्र जीआरई मागत नाही आणि शेजारचा विभाग मागतो, असं सर्रास दिसतं. कुठे ती सक्तीची, कुठे ऐच्छिक, तर कुठे ते स्पष्ट लिहितात की गुण पाठवलेत तरी आम्ही बघणार नाही. म्हणून "जीआरई द्यावी का" याचं उत्तर तुझ्या यादीत आहे, आणि यादी तू अजून केलेली नाहीस. क्लासवाल्यानेही ती विचारली नाही. तू कोणत्या विभागात अर्ज करणार हे न विचारता जो तुला जीआरईचं पॅकेज विकतो, त्याला पंधरा दिवसांत काय, पंधरा महिन्यांतही पैसे देऊ नकोस.

यादी अशी कर. एक वही घे, प्रत्येक विभागाला एक पान. तुझा विषय अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जैविक आणि कृषी अभियांत्रिकी अशा जोडनावाच्या विभागात शिकवतात. पर्ड्यू, आयोवा स्टेट, नेब्रास्का-लिंकन, कॅन्सस स्टेट, टेक्सास ए अँड एम ही नावं आधी उघड. ही सगळी लँड-ग्रँट विद्यापीठं, म्हणजे १८६२ च्या मॉरिल कायद्यामुळे मिळालेल्या जमिनींच्या उत्पन्नावर शेती आणि यंत्रविद्या शिकवायला उभी राहिलेली किंवा वाढलेली. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांची कल्पनाही तिथूनच आली, त्यामुळे तुझी पदवी काय असते हे त्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. मग युरोप बघ. नेदरलँड्समधलं वाखेनिंगन शेतीसाठी जगात नावाजलेलं आहे, जर्मनीत स्टुटगार्टमधलं होहेनहाइम आहे. प्रत्येक पानावर लिही: जीआरई सक्तीची, ऐच्छिक की नको, इंग्रजीची कोणती परीक्षा आणि किमान किती गुण, आणि एकेका भागात वेगळी अट आहे का, अर्जाची शेवटची तारीख, अर्जाची फी, आणि तुझ्या विषयावर काम करणारे दोन प्राध्यापक. ही माहिती विभागाच्या स्वतःच्या पानावरून घ्यायची. एजंटाच्या माहितीपत्रकावरून नाही आणि माझ्या या उत्तरावरूनही नाही, कारण अटी दरवर्षी बदलतात.

आठ-दहा पानं भरली की चित्र तुझं तुलाच दिसेल. युरोपच्या पानांवर जीआरईचं नाव क्वचित येईल. जर्मनीतले काही विभाग, उदाहरणार्थ म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातला संगणकशास्त्र विभाग, भारतातून येणाऱ्यांकडे जीआरई किंवा गेट (आपल्याकडची एम.टेक. प्रवेशाची परीक्षा) मागतात, पण तुझ्या विषयात असं सहसा दिसत नाही. जर्मनीला जायचं तर मात्र एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना त्याशिवाय विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, त्याची फी १८ हजार आहे आणि ते हातात यायला वेळ लागतो. शिवाय एका वर्षाच्या खर्चाचे सुमारे बारा हजार युरो गोठवलेल्या, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात दाखवावे लागतात. तिथल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं असं सगळे सांगतात, पण होहेनहाइम ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात. हेही त्या पानावर लिही.

आता तुझ्यापुरतं बोलते. माझं मत असं की तू जीआरईची तयारी करावीस. परीक्षेला बसायचं की नाही ते मात्र सराव चाचणी दिल्यावर ठरवावंस. कारण तुझा सीजीपीए ७.४ आहे. वाईट नाही, पण ज्याला तुमच्या विद्यापीठात गुण किती आखडून देतात हे माहीत नाही त्याला तो मध्यमच वाटणार. अशा अर्जात गणिताच्या भागातले चांगले गुण उपयोगी पडतात, जीआरई ऐच्छिक असेल तिथे जास्तच. गुण कमी आले तर ऐच्छिक ठिकाणी पाठवायचे नाहीत, तेवढी मोकळीक परीक्षा घेणारी ईटीएस संस्था देते.

परीक्षेची सध्याची रचना नीट माहीत करून घे, कारण जुनी पुस्तकं अजून सगळीकडे फिरतायत. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई जवळजवळ निम्मी झाली. पूर्वी पावणेचार तास चालायची, आता एक तास ५८ मिनिटांत संपते. एक निबंध ३० मिनिटांचा. शाब्दिक भागाचे दोन विभाग, १२ प्रश्नांना १८ मिनिटं आणि १५ प्रश्नांना २३. गणिताचेही दोन, १२ प्रश्नांना २१ मिनिटं आणि १५ प्रश्नांना २६. मधे सुट्टी नाही. पहिला विभाग कसा सोडवलास त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दोन्ही भागांचे गुण १३० ते १७० मध्ये मिळतात, निबंधाचे ० ते ६ मध्ये. पुण्यात अप्पा बळवंत चौकातून कुणी स्वस्तात पुस्तक आणून दिलं तर आतलं साल बघ. २०२३ च्या आधीच्या पुस्तकातलं गणित आणि उतारे सरावाला चालतील, पण वेळापत्रक आणि दोन निबंधांची भानगड विसरून जा.

गणिताची तुला धास्ती नको. दहावी-बारावीचंच गणित आहे, पडद्यावर कॅल्क्युलेटरही मिळतो. आपली मुलं चुकतात ती सवयीने. एक प्रश्नप्रकार असतो, दोन राशी देतात आणि कोणती मोठी ते विचारतात. समज, दिलंय की क्ष चा वर्ग २५ आहे. पहिली राशी क्ष, दुसरी राशी ५. आपल्याकडचा मुलगा क्षणात म्हणतो, दोन्ही सारख्या. पण क्ष उणे ५ सुद्धा असू शकतो, मग दुसरी राशी मोठी होते. म्हणून बरोबर उत्तर असं की दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. शून्य, ऋण संख्या आणि अपूर्णांक घालून बघितल्याशिवाय उत्तरावर टिचकी मारायची नाही, एवढी एक सवय लागली तरी गुण वाढतात. लातूरकडच्या मुलांना मी हेच सांगते. रोज वेळ लावून पेपर सोडवायची तिथली शिस्त इथे पुरेपूर कामाला येते, पण पाठ केलेली रीत इथे फार पुढे नेत नाही. गेटचा विचार केला असशील तर तीही दे. कृषी अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, त्यातल्या सामान्य अभियोग्यतेच्या भागाची तयारी थोडीफार सामाईक होते, आणि बाहेरचं नाही जमलं तर इथल्या एम.टेक.चं दार उघडं राहतं.

शाब्दिक भाग जमेल का, असं तुला वाटत असेल. जमेल, पण हजार शब्दांची यादी घोकून नाही. त्या भागातले साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवर असतात. बाकीच्यांत वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते, तिथेही शब्दाच्या अर्थाआधी वाक्याचा कल ओळखावा लागतो: पुढचं वाक्य आधीच्याला दुजोरा देतंय की त्याच्या उलट जातंय. हे वाचनानेच येतं. रोज अर्धा तास तुझ्याच विषयातलं सलग इंग्रजी वाच. डाऊन टू अर्थ नियतकालिकातला पाण्यावरचा लेख घे, नाही तर जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनावरच्या अहवालातली चार पानं. वाचून झालं की वही मिटून मराठीत दोन ओळींत लिही, लेखक काय म्हणाला आणि का म्हणाला. मराठीत लिही असं मुद्दाम सांगते. इंग्रजीत लिहायला बसलीस की त्याचीच वाक्यं उतरवशील आणि समजलं नाही हे तुझ्या लक्षातच येणार नाही. अडलेला शब्द त्याच्या वाक्यासकट वहीत घे. या वाचनाचा दुसरा फायदा पुढे एसओपी लिहिताना होईल, सांगण्यासारखं काहीतरी जवळ असेल.

निबंधासाठी टायपिंग शीक. हे फार कुणी सांगत नाही. परीक्षेतल्या खिडकीत स्पेलिंग दुरुस्त करून मिळत नाही, आणि मोबाईलवर अंगठ्याने लिहायची सवय असलेल्या मुलांचा अर्धा तास कळा शोधण्यातच जातो. कॉलेजच्या संगणक कक्षात रोज वीस मिनिटं बसलीस तरी दोन महिन्यांत हात बसेल.

ईटीएसच्या संकेतस्थळावर पॉवरप्रेप नावाच्या दोन पूर्ण सराव चाचण्या फुकट मिळतात. पहिली महिनाभर तयारी झाल्यावर दे, दुसरी परीक्षेची तारीख घेण्याआधी. दुसरीत गणितात १६० च्या वर सहज जात असशील तर फी भर. १५५ च्या आसपासच अडकलीस आणि तुझ्या यादीत सक्तीचे विभाग एक-दोनच असतील, तर ते विभाग सोड आणि पैसे वाचव. फी वीस हजारांच्या वर आहे, ती नुसतं बसून बघायला भरायची रक्कम नाही. पुन्हा बसायचं तर मधे २१ दिवस जावे लागतात आणि फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. त्या फीमध्ये चार विद्यापीठांना गुण फुकट पाठवता येतात, पण ती चार नावं परीक्षेच्या दिवशीच द्यावी लागतात. नंतर प्रत्येक विद्यापीठामागे वेगळे पैसे. यादी आधी कर असं मी का म्हणते, त्याचं हे आणखी एक कारण.

परीक्षा घरून देता येते. तरी गावातून देऊ नकोस. खोलीत तू एकटी, दार बंद, कॅमेऱ्यासमोर सगळी खोली फिरवून दाखवायची, कच्चं काम सुट्या कागदावर नाही तर छोट्या पुसता येणाऱ्या फळ्यावर, आणि इंटरनेट एकदाही तुटता कामा नये. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि मधेच पाहुणे दार ढकलून आत आले तर त्यांना काय सांगणार? केंद्रावर जाऊन दे. रात्रभर गाडीत बसून सकाळी पुण्यात उतरायचं आणि तसंच केंद्रावर जायचं, हे मात्र करू नकोस. आदल्या दिवशी पोच, कुणा नातेवाइकाकडे मुक्काम कर, केंद्र कुठे आहे ते संध्याकाळी बघून ये.

पासपोर्ट या आठवड्यात टाक. परीक्षेला मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो चालत नाही. साधारण अर्जाची फी १५०० रुपये आहे, नंतर पोलीस पडताळणी. इथे एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघ. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव छापतात. पासपोर्टवर आडनावाची जागा वेगळी, आणि तुझं व वडिलांचं नाव दुसऱ्या जागेत एकत्र येतं. त्यात आधारवर स्पेलिंग एक आणि दहावीच्या सनदेवर दुसरं, हे तर घरोघरी असतं. पासपोर्टचा अर्ज दहावीच्या स्पेलिंगप्रमाणे भर. आधार वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करून घे. मग ईटीएसच्या खात्यात, इंग्रजीच्या परीक्षेत, विद्यापीठाच्या अर्जात, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न अक्षर लिही. नाव जुळलं नाही म्हणून केंद्राच्या दारातून परत फिरावं लागतं आणि फी बुडते.

इंग्रजीची परीक्षा तुला जवळपास चुकणार नाही. काही विद्यापीठं, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं असं कॉलेजचं प्रमाणपत्र चालवून घेतात. तसं असलं तरी परीक्षा दे. अमेरिकेत सहायकपद, म्हणजे शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करून पैसे मिळवायचं काम हवं असेल, आणि तुला ते हवंच आहे, तर शिकवायच्या कामासाठी बोलण्याच्या भागात अनेकदा प्रवेशापेक्षा जास्त गुण मागतात. टोफेल, आयईएलटीएस, पीटीई यातली कोणती द्यायची ते तुझ्या यादीतल्या जास्तीत जास्त पानांवर जी चालते तीवरून ठरव. ड्युओलिंगोची परीक्षा स्वस्त आहे आणि तासाभरात घरून होते, पण सगळीकडे चालत नाही. टोफेलचं स्वरूप २१ जानेवारी २०२६ पासून बदललंय, आता गुण १ ते ६ मध्ये देतात आणि काही काळ जोडीला जुन्या १२० च्या मापातलेही दाखवतात, तेव्हा जुनी पुस्तकं इथेही सांभाळून वापर. या सगळ्यांचे गुण दोनच वर्षं धरतात. जीआरईचे पाच वर्षं.

तुझ्यासाठी मी आयईएलटीएस सुचवेन, शैक्षणिक प्रकारचीच. अर्ज भरताना सामान्य प्रशिक्षण हा दुसरा प्रकार चुकून निवडू नकोस. कारण साधं आहे. तिथे बोलायची परीक्षा माणसाशी होते, ११ ते १४ मिनिटं. संगणकाकडे बघून बोलायला लागलं की आधीच घाबरणारी मुलं आणखी गप्प होतात, समोर माणूस मान हलवत ऐकत असला की जीभ जरा सैल होते. तिच्या मधल्या भागात एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं.

सराव असा कर. तुमच्या घरी हळद असेलच, तुमच्या भागात सगळ्यांकडे असते. कार्डावर लिहिलंय समज, तुमच्या घरात होणाऱ्या एका कामाचं वर्णन करा. तू मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू कर आणि इंग्रजीत सांग: हळद कधी काढतात, शिजवायला कुकर कुठून येतो, हळकुंड शिजलं की नाही हे बाबा कसं ओळखतात, आखाड्यावर वाळत घातली की रोज काय करावं लागतं, पाऊस आला तर धांदल कशी उडते, ढोलात पॉलिश झाल्यावर रंग कसा निघतो, आणि वसमतच्या बाजारात भाव पडला तेव्हा घरात काय झालं. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत थांबशील. चौथ्या-पाचव्या दिवशी दोन मिनिटं कमी पडतील. विषय तुझा आहे, सांगायचं काय हे शोधावं लागत नाही, मग फक्त इंग्रजीची झटापट उरते. व्याकरणाच्या चुका होऊ देत, परीक्षक एकेका चुकीला गुण कापत बसत नाही. न अडखळता, मुद्द्याला धरून आणि स्पष्ट उच्चारात बोललीस तर ९ पैकी ६.५ पर्यंत जाणं तुझ्या आवाक्यातलं आहे. पाठ केलेली उत्तरं मात्र ते लगेच ओळखतात. ऐकण्याच्या भागात ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात, म्हणून सराव करतानाही मागे नेऊन परत ऐकायचं नाही.

आता पैशांचं. तुझ्यासारख्या मुलीने पुस्तकी एम.एस. पेक्षा प्रबंधाच्या एम.एस.कडे बघावं. अमेरिकेतल्या कृषी अभियांत्रिकीत प्राध्यापकाकडे प्रकल्पाचे पैसे असतात. त्याने तुला संशोधन सहायक म्हणून घेतलं तर शिक्षणशुल्क माफ होतं किंवा बरंच कमी होतं आणि महिन्याला विद्यावेतन मिळतं. त्यासाठी अर्जाच्या दोन-तीन महिने आधी प्राध्यापकांना ईमेल लिहायचे. "रिस्पेक्टेड सर" ने सुरू होणारा एकच मजकूर पन्नास जणांना पाठवणारी मुलं खूप आहेत, त्यांना उत्तर येत नाही. तू एकाचा एक शोधनिबंध वाच आणि त्याला लिही की तुमच्या ठिबकच्या या मोजणीवर माझा हा प्रश्न आहे, आणि मी पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर वाढले आहे, सिद्धेश्वर धरणाचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत का पोचत नाही हे मी लहानपणापासून बघते. अशा पत्राला उत्तर येण्याची शक्यता खरीखुरी असते. हेच तुझ्या एसओपीचंही बीज आहे. क्लास लिहून देतो त्या एसओपीत ते कुठून येणार? तिथे सगळ्या मुलांना लहानपणापासून यंत्रांची आवड असते.

राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, इतर मागास, भटक्या-विमुक्तांसाठी बहुजन कल्याण विभागाची योजना, मराठा समाजासाठी सारथीची. तू कोणत्या प्रवर्गात आहेस ते पत्रात नाही, म्हणून या तिन्ही सांगितल्या. जाहिरात आली की त्यातलं उत्पन्न, वय आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट वाच, आणि तुझ्या वहीतलं कोणतं विद्यापीठ त्या क्रमवारीत बसतं यावर खूण कर. त्यांना सहसा विनाअट प्रवेशपत्र हवं असतं. इंग्रजीचे गुण पाठवायचे राहिले की विद्यापीठ सशर्त पत्र देतं आणि मुलांची शिष्यवृत्ती तिथे अडते. म्हणून इंग्रजीची परीक्षा दिवाळीनंतर ढकलू नकोस. कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून बँकांकडे अर्ज करता येतो. बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत, हेही बाबांच्या कानावर घाल.

क्लास अजिबातच नको असं म्हणत नाही. शाब्दिक भागापुरता किंवा बोलण्याच्या सरावापुरता महिना-दोन महिन्यांचा ऑनलाइन वर्ग थोड्या पैशांत मिळत असेल तर घे. जे पॅकेज एसओपी लिहून देतं, शिफारसपत्रांचा मजकूर देतं आणि "आमची ठरलेली विद्यापीठं" सांगतं, ते घेऊ नकोस. ठरलेली विद्यापीठं म्हणजे बहुतेक वेळा जी त्यांना दलाली देतात ती. शिफारसपत्रासाठी तुझ्या प्रकल्पाच्या मार्गदर्शकांकडे आत्ताच जा. त्यांनी स्वतः लिहिलेल्या चार साध्या ओळी, तू कालव्यावर जाऊन स्वतः मोजणी केलीस एवढं सांगणाऱ्या, पुरेशा होतात.

वेळेचं गणित असं बसतं. जुलैत पासपोर्ट आणि यादी. ऑगस्टपासून रोज दोन तास, त्यात वाचन आणि बोलण्याचा सराव आला. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जीआरई, मग तीन आठवड्यांत इंग्रजीची परीक्षा. सप्टेंबरच्या सुरुवातीपासूनच प्राध्यापकांना ईमेल, नोव्हेंबरात अर्ज, कारण निधी मिळवायचा असेल तर बहुतेक विभागांची तारीख डिसेंबर-जानेवारीत असते. अर्ज पाच-सहाच कर, प्रत्येकाची फी वेगळी पडते. अमेरिकेचं व्हिसा धोरण अलीकडे कडक झालंय आणि चांगल्या गुणांनी व्हिसा मिळेल असं कुणीच सांगू शकत नाही, म्हणून यादीत युरोपातली किमान दोन नावं ठेव.

गॅपचं विचारलंस. एक वर्ष गेलं म्हणून कुणी अर्ज बाजूला ठेवत नाही, त्या वर्षात काय केलंस ते विचारतात. ठिबक कंपनीत, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेत किंवा तुझ्याच विद्यापीठातल्या एखाद्या प्रकल्पावर काम केलंस, तर पुढच्या वर्षीचा अर्ज यंदाच्यापेक्षा वजनदार होईल. जीआरईचे गुण तोवर चालतीलच, इंग्रजीचेही. त्या वर्षाच्या पगारातून अर्जांची आणि व्हिसाची फी निघेल, ती बाबांकडे मागावी लागणार नाही. यादीची वही भरली की तिच्या पानांचे फोटो या सदराच्या पत्त्यावर पाठव. कोणत्या प्राध्यापकाला आधी लिहायचं ते आपण मिळून ठरवू.